डिझेल आणि डिझेलचं

गाडीच्या सीटला कव्हरं शिवणाऱ्या बाईला इंजिनातलं काय कळणार, असं धाकट्याला वाटायचं. जनरेटर भाड्यानं देणाऱ्या माणसाला गाडीतलं काय कळणार, असं ताईला वाटायचं. दोघं सख्खी भावंडं असल्यामुळे आपापल्या जागी दोघांचंही बरोबर होतं.

पत्र्याची शेड एकच होती. डावीकडे धाकट्याचे जनरेटर, त्यांच्या वायरींची वेटोळी आणि निळे कॅन. उजवीकडे ताईची दोन शिलाई मशीनं, स्पंजच्या लाद्या आणि रेक्झिनचे गुंडाळे. मध्ये भिंत नव्हती. मागच्या बाजूला लोखंडी फडताळ होतं, ते दोघांचं. त्यावर त्याचे पाने कुठे संपायचे आणि तिच्या कात्र्या कुठे सुरू व्हायच्या, ह्यावरून आठवड्यातून एकदा तरी शब्दाला शब्द लागायचा. शेडच्या दाराशी उभी असायची वडिलांच्या वेळची पेट्रोलची व्हॅन. वडील गेल्यावर ती नावाला दोघांची आणि कामाला ताईची झाली, कारण धाकट्यानं तोवर स्वतःची डिझेलची पिकअप घेतली होती.

पण गेल्या महिन्यात ताईनं व्हॅन मागे घेताना फाटकाचा खांब पाडला. खांब तसा म्हातारा होता, कधीतरी पडणारच होता, पण तो ताईच्या हातून पडला. त्या दिवशी जेवताना धाकटा सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, आता आणखी एक चूक झाली ना, की चावी माझ्याकडे. तुला कुठं जायचं तिथं मी सोडेन."

"बरं," ताई म्हणाली. तिच्या बाजूनं बोलायला तेव्हा खांबसुद्धा उभा नव्हता.

मात्र त्या एका 'बरं'चा तिला पुढे फार जाच झाला. मी सोडेन म्हणजे काय, ते तिला ठाऊक होतं. धाकट्याची सवड होईपर्यंत कव्हरांचे गठ्ठे मांडीवर घेऊन बसायचं, गिऱ्हाईकाला 'भाऊ आला की येते' म्हणायचं. उभ्या आयुष्यात तिनं कुणाला असं सांगितलं नव्हतं. कापड बेतायला ती आपली आपण शिकली, आणि जुन्या सीटची शिवण उसवून आत काय आहे ते बघत बघत कव्हर शिवायलाही. गाडी चालवायला वडिलांनी शिकवलं खरं, पण वडील शेजारी बसून डोळे मिटून घ्यायचे, म्हणजे तेही आपलं आपणच शिकल्यासारखं.

त्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यात कव्हरं बसवायची होती. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या, एक लांब बाक आणि खुद्द रुग्णाची ती आडवी होणारी खुर्ची, एवढं काम. संध्याकाळी दवाखाना उघडणार होता. निघायच्या आधी ताईनं नेहमीसारखी व्हॅनची पुढची सीट उचलली. ह्या जातीच्या व्हॅनचं इंजिन सीटखालीच असतं, त्यामुळे आपण इंजिनाच्या डोक्यावर बसून हिंडतो हे ती कधी विसरायची नाही. तेल मोजायची सळई तिनं बाहेर ओढली, फडक्यानं पुसली, परत आत घातली, परत ओढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं.

फडताळावरचा पेट्रोल गाडीच्या इंजिन ऑइलचा डबा तिनं हलवून बघितला. डबा रिकामा होता, पण झाकण कसं घट्ट लावून ठेवलेला. असं करणारा माणूस घरात एकच होता, धाकटा.

शेजारी धाकट्याचा डबा होता, भरलेला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'डिझेल इंजिनासाठी'. दुसरं कुणी तिथंच थांबलं असतं. ताईनं चष्मा लावला आणि डबा फिरवून त्याची पाठ वाचली, कारण कापड असो की डबा, खरं काय ते उलट्या बाजूला लिहिलेलं असतं असा तिचा अनुभव होता. 'सी'नं सुरू होणारी अक्षरं डिझेल इंजिनाची आणि 'एस'नं सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची, हे कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या मिस्त्रीनं तिला कधीतरी बोलता बोलता सांगितलं होतं. डब्याच्या पाठीवर दोन्ही होती. आधी सी, मग तिरकी रेघ, मग एस. जाडीचा आकडाही व्हॅनला चालणारा होता.

"मग चेहऱ्यावर एवढं डिझेल डिझेल कशाला करतोस रे बाबा," ताई डब्याला म्हणाली, आणि तिनं थोडं थोडं करत, मध्ये थांबून, सळई बघत बघत तेल वरच्या खुणेच्या जरा अलीकडे आणून ठेवलं. डबा पुसून व्हॅनमध्येच टाकला.

दुसऱ्याच्या डब्यातलं घेतलं तर सांगायचं, हा शेडचा नियम होता. आणि तो ताईनंच केला होता. म्हणून तिनं धाकट्याला फोन लावला. तेव्हा ती बाकाच्या कव्हराला शेवटच्या टाचण्या लावत होती, त्यातल्या निम्म्या तिच्या ओठांत होत्या. फोन भावजयीनं उचलला. धाकटा आंघोळीला गेला होता.

"अगं, त्याला सांग," ताई टाचण्यांच्या फटीतून म्हणाली, "गाडीत डिझेलचं घातलंय मी. त्याच्याकडचं."

"काय घातलंय ताई?"

"डिझेलचं! पेट्रोलचं संपलं होतं. ठेवते, उशीर होतोय."

आणि ती निघाली. व्हॅन छान चालत होती. उड्डाणपुलाच्या चढावर ताईनं कान देऊन ऐकलं. सकाळची ती रोजची कुरकुर आज जरा कमीच वाटली. फोन पिशवीत होता, पिशवी मागे गठ्ठ्यांखाली होती. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही हाही ताईचाच नियम होता. त्यामुळे फोनचं वाजणं बाकाच्या स्पंजनं सगळं पिऊन टाकलं.

दवाखान्यात डॉक्टर येरझाऱ्या घालत होते. वयानं अगदीच लहान, नवा पांढरा कोट, त्याला अजून घडीच्या रेघा.

"होईल ना वेळेत?" त्यांनी विचारलं.

"तोंड उघडून बसू नका, होईल," ताई म्हणाली. "उलट तुम्हीच जरा ह्या खुर्चीवर बसा. माप बसतंय का बघू."

डॉक्टर स्वतःच्याच खुर्चीवर आडवे झाले आणि आपोआप गप्प झाले. खुर्चीचा हा गुण ताईला आवडला.

काम रंगात आलं होतं. खुर्च्या झाल्या, लांब बाकाचं एक टोक बसलं. ताई गुडघा टेकवून दुसरं टोक ताणत होती तेव्हा खिडकीशी उभे डॉक्टर म्हणाले, "बाई, तुमच्या गाडीखाली कुणीतरी झोपलंय."

"माझ्या गाडीखाली?"

"नुसते पाय दिसतायत. आणि एक गृहस्थ शेजारी उभे आहेत. ते कपाळावर हात मारतायत."

कपाळावर हात मारण्याची ती पद्धत ताईला लहानपणापासून माहीत होती. ती बाक सोडून तशीच बाहेर आली.

धाकटा घामाघूम उभा होता. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. व्हॅनच्या मागे पिकअप आडवी लावलेली, तिच्यात गाडी ओढायचा दोर. व्हॅनखालचे पाय मिस्त्रीचे होते. टाकीच्या बुडाचा नट काढलेला होता आणि निळ्या कॅनमध्ये शेवटचं पेट्रोल ठिबकत होतं. बाजूला दोन कॅन भरून ठेवलेले.

"अरे, हे काय चाललंय?"

"तू बोलू नकोस!" धाकटा म्हणाला. "फोन का उचलत नाहीस? गाडी चालवत आणलीस तू इथपर्यंत? चालवत?"

"मग काय डोक्यावर घेऊन येऊ?"

"मिस्त्री, ऐका! पेट्रोलच्या गाडीत डिझेल घालून ही बया चालवत आली!"

गाडीखालून आवाज आला, "शेठ, मघापासून सांगतोय, हे निव्वळ पेट्रोल आहे."

"डिझेल खाली बसलं असेल."

"खालनंच तर काढतोय!"

ताईनं पदर कमरेला खोचला. "डिझेल कुणी घातलं?"

"तू! तूच सांगितलंस. फोन करून!"

"मी डिझेलचं घातलं म्हणाले."

"तेच म्हणतोय मी!"

"डिझेलचं, रे! डिझेलचं म्हणजे डिझेलचं तेल."

"डिझेल म्हणजे तेलच ना!"

"अरे राजा, ऑइल! इंजिनातलं ऑइल! तुझ्या डब्यातलं, तो बघ सीटमागे पडलाय!"

मिस्त्री गाडीखालून सरकत बाहेर आला. एकदा ताईकडे आणि एकदा धाकट्याकडे बघून त्यानं पान्याला फडकं गुंडाळलं. आता ह्या पान्याचं काम संपलं, असं त्याला वाटलं असावं.

धाकट्याचा चेहरा क्षणभर मोकळा झाला, पण हरलेली जागा सोडून दुसरीकडे उभं राहायला त्याला कधीच वेळ लागत नसे. "म्हणजे काय, ते बरोबर झालं? डिझेलचं ऑइल पेट्रोलच्या इंजिनात? इंजिन बसलं असेल! चूक ती चूक. चावी आण."

"मिस्त्री," ताई शांतपणे म्हणाली, "तुम्हीच बघा."

मिस्त्रीनं सीट उचलली, सळई ओढली, तेल दोन बोटांत चोळलं. मग डबा हातात घेऊन फिरवला आणि लांब धरून वाचला. आपल्या डब्याला पाठ आहे हे धाकट्याला बहुतेक तेव्हाच कळलं.

"दोन्ही लिहिलंय की ह्यावर," मिस्त्री म्हणाला. "जाडीपण ठीक. माप बेतानं घातलंय. इंजिनाला काय होत नाही शेठ. उलट तेल कमी ठेवून चालवली असती, तर मात्र तुम्ही म्हणता तसं बसलं असतं."

ताईनं भावाकडे बघायचं मुद्दाम टाळलं. मोठेपणा म्हणतात तो हाच.

"पण ताई, रोज नको हां," मिस्त्री पुढे म्हणाला. "धुराच्या नळीत जाळीचा डबा असतो, धूर साफ करणारा. डिझेलच्या तेलात औषधं जास्त असतात, गाडी तेल प्यायला लागली की ती धुरातनं जाऊन जाळीला चिकटतात. पुढच्या वेळी सगळं काढून पेट्रोलचंच घालू. आणि तेल जातंय कुठं तेही बघू."

"हे जाळीचं मला माहीत नव्हतं," ताई म्हणाली.

"बघा!" धाकटा उसळला. "माहीत नव्हतं! तिनं स्वतः कबूल केलं!"

"माहीत नव्हतं, आता माहीत झालं. त्यात कबूल काय करायचंय? पुढच्या वेळी नाही घालणार."

एवढ्यावर सगळं मिटलं असतं. नट परत घट्ट बसला. रस्त्यावरचे दोघं-तिघं बघे पांगले. डॉक्टर खिडकीतून घड्याळ दाखवायला लागले. धाकटा म्हणाला, "जाऊ दे. टाकीच्या झाकणाची चावी दे, हे पेट्रोल परत ओततो आणि मी मोकळा होतो." त्यानं एक कॅन उचलला.

ताईनं चावी पुढे केली. मग हात तसाच हवेत राहिला. तिचं नाक कापडाचा रंग वासावरून ओळखणारं होतं. ती कॅनपाशी वाकली.

"हे कॅन कुठले रे?"

"शेडमधले. गडबडीत जे हाताला लागले ते."

"निळे."

"निळेच आहेत. त्याचं काय?"

"निळे कॅन जनरेटरचे ना? आत काय असायचं?"

धाकट्यानं कॅनकडे बघितलं. मिस्त्रीनंही बघितलं. मग मिस्त्री फुटपाथच्या कडेवर हळूच बसला, कारण त्याला हसू येत होतं आणि शेठसमोर उभ्यानं हसणं बरं दिसलं नसतं.

"रिकामे होते," धाकटा पुटपुटला.

"धुतले होते?"

"ताई, त्या घाईत दोर घेऊ, मिस्त्रीला उठवू, की कॅन धूत बसू? तूच सांग."

"कॅनच्या बुडाशी राहतंय ना रे तांब्याभर," ताई म्हणाली. ती हसली नाही. हसायचं तिनं फार मोठ्या कष्टानं टाळलं. "म्हणजे आज पेट्रोलमध्ये डिझेल पडलं, हे खरं आहे. फक्त मी नाही घातलं."

धाकट्यानं कॅन खाली ठेवला. मग एकदम चिडला. ताईला वाटलं होतं तो डब्यावरून, कॅनवरून किंवा फोनवरून चिडेल. तो भलत्याच गोष्टीवरून चिडला.

"मला काय वाटलं माहितेय? उड्डाणपुलावर बंद पडली असशील! वर चढावर, मागून ट्रक येतायत, आणि तू खाली उतरून काहीतरी बघत बसली असशील, तुझी सवयच आहे ती! पूल संपेपर्यंत मी डावीकडं बघितलं नाही. मिस्त्रींना विचार. मी त्यांना म्हटलं, तुम्ही बघा, मला सांगा."

मिस्त्रीनं मान हलवली. "मी बघत होतो. शेठ समोरच बघत होते."

ताईचा सगळा विजय गळ्यापर्यंत आलेला तिथंच थांबला. हा आपला भाऊ. लहानपणी झाडावर ती चढायची आणि खाली उभा राहून रडायचा तो. तिनं त्याच्या शर्टाचं वरचं बटण सोडलं आणि एकेक बटण बरोबर घरात लावायला सुरुवात केली. भररस्त्यात. त्यानं हनुवटी वर केली.

"पुलावर गाडी फार छान चढली," ती म्हणाली.

"हं."

"आणि चावीचं?"

"ठेव तुझ्याकडे."

"असं नाही. सगळ्यांसमोर म्हणाला होतास. लाव फोन घरी."

धाकट्यानं फोन लावला आणि मोठ्या आवाजावर धरला. पलीकडे भावजय एका श्वासात बोलत सुटली. सापडल्या का, बऱ्या आहेत का, गाडी पेटली का.

"सगळं बरं आहे," धाकटा म्हणाला. "ऐक. गाडी ताईकडेच राहणार आहे."

"मग माझं तरी वेगळं काय म्हणणं होतं? खांबाचं तुम्हीच एवढं धरून बसलात."

ताई फोनशी वाकली. "का गं, तू ह्याला सांगितलंस तरी काय?"

"तुम्ही म्हणालात तेच. ताईंनी गाडीत डिझेल घातलं."

"मी 'डिझेलचं' म्हणाले होते."

"एका 'चं'नं काय होतंय ताई?"

ताईनं रिकाम्या टाकीकडे, भरलेल्या कॅनकडे, आडव्या लावलेल्या पिकअपकडे आणि मिस्त्रीच्या काळ्या झालेल्या पाठीकडे बघितलं. "काही नाही गं," ती म्हणाली. "आल्यावर सांगते."

मग सगळं मार्गी लागलं. धाकटा पंपावरून कोऱ्या कॅनमधून चांगलं पेट्रोल घेऊन आला. तोवर ताईनं बाक पुरा केला, रुग्णाच्या खुर्चीचं डोकं शिवलं, आणि डॉक्टरांना सांगितलं की ह्या कव्हरावर डाग पडला तर चोळायचा नाही, टिपायचा. डॉक्टरांनी पुन्हा एकदा खुर्चीवर आडवं होऊन बघितलं आणि त्यांना उठवावं लागलं. बिघडलेलं पेट्रोल मिस्त्रीनं मागून घेतलं. सुटे भाग धुवायला ते झकास, असं म्हणत त्यानं निळे कॅन पिकअपमध्ये चढवले आणि पिकअप गॅरेजला नेऊन लावतो म्हणून तो पुढे गेला.

राहिला धाकटा. तो व्हॅनच्या ड्रायव्हरच्या बाजूला आला, सवयीनं दाराला हात लावला, मग काढला आणि पलीकडून फिरून ताईच्या शेजारी बसला.

पहिल्या वळणावर त्यानं उजवा पाय जमिनीत रुतवला.

"तिथं ब्रेक नाही," ताई म्हणाली.

"माहितेय."

"मग?"

"पाय आहे, ठेवला."

पुढच्या चौकात त्यानं तोंड उघडलं आणि काही न बोलता मिटलं. त्याच्या पुढच्या चौकात सिग्नल लाल आहे हे त्यानं सांगितलं नाही. उड्डाणपुलाचा चढ लागला. ताईनं गियर बदलला आणि शेजारी बघितलं. धाकट्याची मान खिडकीला टेकली होती. सकाळपासून धावलेला, न जेवलेला, आणि ती गाडी चालवत असताना आयुष्यात पहिल्यांदा झोपलेला.

मिस्त्रीनं सांगितलं होतं, की जाताना एकदा चढावर कान देऊन इंजिन ऐका, काही वेगळं वाटलं तर उद्या आणा. ताईनं काच वर केली आणि श्वास रोखून अगदी मनापासून कान दिला. पण पूल चढून उतरला तरी तिला इंजिनाचं काही कळलं नाही, कारण धाकटा इतका घोरत होता की त्यापुढे बिचाऱ्या इंजिनाला तोंड उघडायची सोय नव्हती. उद्या बघू, असं म्हणून तिनं रस्त्यातला खड्डा लांबून चुकवला.